गोळीचा धनी

२०२५ सालची रमजान ईद होऊन आठवडा उलटला असेल. रात्री उशिरा अमेरिकेतून भाचीचा फोन आला. ती पेन्सिल्व्हेनियात राहते. मुलगा तेरा वर्षांचा, तिथल्या स्काउट पथकात जातो. मुबारकबादीचा फोन आधीच होऊन गेला होता, तेव्हा आता काही काम असणार हे आम्ही ओळखले. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर ती म्हणाली, "मामू, पोराच्या पथकातली मुलं आईबापांसकट एका शिबिराला चालली आहेत. शनिवार-रविवार, दोन दिवस. रायफल चालवायला शिकवतात आणि मधल्या सुटीत अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा इतिहास सांगतात. पोरगा हट्ट धरून बसलाय. पाठवू का?"

आम्ही म्हणालो, "तुला काय वाटतं?"

ती जरा थांबली. मग म्हणाली, "बंदुकीची भीती आहेच. पण खरं सांगू? कुणी त्याचा फोटो काढला आणि उद्या कुणी पाहिला तर? बाकीच्या पोरांचं ठीक आहे, मामू. याचं नाव वेगळं आहे."

आम्ही दोन दिवसांचा अवधी मागून घेतला. भाचीला उत्तर द्यायचे तर आधी स्वतःला काही प्रश्न विचारायला हवे होते. वारसा नावाची गोष्ट मुलाच्या हातात बंदूक देऊन शिकवता येते का? आणि शिकवलीच, तर त्याच्या हाती नेमके काय येते: पूर्वजांचे धैर्य, की नुसते पूर्वजांचे हत्यार?

हे शिबिर काय असते ते आधी सांगायला हवे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेत 'ॲपलसीड' नावाचा एक उपक्रम सुरू झाला. जॉन चॅपमन नावाचा एक माणूस अठराव्या-एकोणिसाव्या शतकात गावोगाव फिरून सफरचंदाची रोपे लावत असे. लोक त्याला 'जॉनी ॲपलसीड' म्हणत. त्याच्यावरून हे नाव घेतले. शिकवणारे बिनपगारी स्वयंसेवक असतात. चांदमारीचे मैदान पंचवीस मीटरचे. बहुतेकांच्या हाती लहान काडतुसाची, पॉइंट बावीसची रायफल. निशाणावरच्या आकृत्या अशा बेताने लहान केलेल्या असतात, की त्या शंभर, दोनशे, तीनशे, चारशे वारांवरच्या माणसासारख्या दिसाव्यात. उभ्याने, बसून आणि पालथे पडून, अशा तीन तऱ्हांनी नेम धरायचा. शेवटी चाळीस गोळ्यांची परीक्षा. अडीचशेपैकी दोनशे दहा गुण मिळाले की कापडाचा एक बिल्ला मिळतो. आजच्या पक्षीय राजकारणावर मैदानात बोलायचे नाही, असा दंडक आहे. बोलायचे ते एकाच दिवसाबद्दल: १९ एप्रिल १७७५.

आपल्यापैकी अनेकांना हे वाचून नवल वाटेल. आपल्याकडे बंदूक म्हणजे कलेक्टर कचेरीतला परवाना, पोलिसांची चौकशी आणि निवडणूक जाहीर झाली की ठाण्यात जमा करायचे हत्यार. १८५७ नंतर इंग्रजांनी हा देश निःशस्त्र करायला घेतला आणि १८७८ च्या कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगणे गुन्हा ठरवले. त्या कायद्यातून युरोपियनांना सूट होती. स्वातंत्र्यानंतर १९५९ साली नवा कायदा आला. परवाना राहिला. अमेरिकेची गोष्ट उलटी आहे. तिथे १७९१ साली संविधानातच दुसरी दुरुस्ती झाली आणि शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकाच्या हक्कांत जाऊन बसला. तेव्हा तिथल्या एखाद्या बापाला मुलाला चांदमारीला नेणे हे पोहायला नेण्याइतके साधे वाटत असेल, तर त्याला आपल्या मापाने मोजून चालणार नाही.

पण भाचीची भीतीही त्या बापाच्या मापाने मोजता येणार नाही. 'शस्त्र चालवण्याचे शिबिर' हे तीन शब्द एका नावापुढे लावले की ती सहल होते आणि दुसऱ्या नावापुढे लावले की ती बातमी होते. हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. अमेरिकेत २००१ नंतर वाढलेल्या मुसलमान मुलांनाही ते शिकवावे लागले नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या चॅपल हिल गावी तीन मुसलमान तरुणांना त्यांच्याच शेजाऱ्याने गोळ्या घालून मारले. त्या देशात आपल्या मुलाने बंदुकीच्या कोणत्या बाजूला उभे राहावे, हा आईच्या मनातला प्रश्न पुस्तकी नाही.

त्यात आणखी एक गोष्ट. भाचीच्या मुलाच्या शाळेत वर्षातून काही वेळा कवायत होते. हल्लेखोर शाळेत शिरला आहे असे समजून दारे लावायची, दिवे बंद करायचे आणि भिंतीशी अंग चोरून गप्प बसायचे. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूकच्या शाळेत वीस मुले आणि सहा मोठी माणसे मारली गेली. मे २०२२ मध्ये टेक्सासमधल्या युवाल्डीत एकोणीस मुले आणि दोन शिक्षिका. २०२० साली अमेरिकेतल्या मुलांच्या आणि किशोरांच्या मृत्यूच्या कारणांत बंदुकीने मोटार अपघातांनाही मागे टाकले. म्हणजे तोच मुलगा बुधवारी बंदुकीच्या भीतीने वर्गाच्या कोपऱ्यात बसणार आणि शनिवारी रायफल घेऊन गवतावर पालथा पडणार. हे दोन दिवस एकाच मुलाच्या मनात कसे नांदतात?

आम्ही स्वतः आयुष्यात एकदाच बंदूक चालवली. कॉलेजात एन.सी.सी.त होतो तेव्हा. तीही पॉइंट बावीसचीच. पाच गोळ्या मिळाल्या होत्या. त्यातली एकही निशाणाच्या मध्यावर लागली नाही. पण एक गोष्ट पक्की लक्षात राहिली. गोळीबार झाल्यावर हवालदारसाहेबांनी आम्हा सगळ्यांना गुडघ्यांवर बसवून गवतातून रिकामी खोकी वेचायला लावली. एक खोके कमी भरले, तर ते सापडेपर्यंत संध्याकाळ झाली, कुणालाही जाऊ दिले नाही. आम्ही मनातून चिडलो होतो. आज वाटते, त्या दिवशी शिकलो ते तेवढेच: सुटलेल्या प्रत्येक गोळीचा हिशेब द्यावा लागतो. गोळीला धनी असतो.

भाचीने पाठवलेली शिबिराची माहिती वाचताना हीच गोष्ट पुन्हा भेटली. तिथे चाप ओढण्याच्या ज्या पायऱ्या शिकवतात त्यांतली शेवटची अशी: गोळी सुटल्यावर, निशाणाकडे जाऊन पाहण्याच्या आधी, ती कुठे लागली ते नेमबाजाने स्वतःच सांगायचे. उजवीकडे गेली, खाली गेली, श्वास हलला, बोट झटक्याने ओढले गेले. वाऱ्याला किंवा रायफलीला दोष देण्याआधी आपल्या हाताचा हिशेब आपण द्यायचा. आम्हाला ही पायरी फार मोलाची वाटली. आपल्या बहुतेक भांडणांत हीच पायरी गळलेली असते. शब्द सुटतो, दगड सुटतो, आणि मग सगळा गाव म्हणतो, कुणी मारला ते ठाऊक नाही.

सुरक्षेचे नियमही चारच आहेत. नळी नेहमी सुरक्षित दिशेला ठेवायची. हुकूम मिळाल्याशिवाय काडतूस भरायचे नाही. नेम निशाणावर बसेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवायचे. चौथा नियम आपण नंतर पाहू. या नियमांत आपल्याला परके वाटावे असे काही नाही. बाजारातून किंवा मशिदीतून बाण न्यायचे तर त्यांची टोके हातात धरावीत, म्हणजे कुणाला लागणार नाहीत, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. भावावर हत्यार रोखू नये, थट्टेनेसुद्धा नाही, हेही. तिरंदाजी शिकण्याला उत्तेजन देणाऱ्या परंपरेनेच टोक मुठीत धरायलाही सांगितले आहे. शस्त्राची तालीम आणि शस्त्राचा अदब या दोन वेगळ्या गोष्टी नव्हेत. पहिलीतून दुसरी वजा केली की उरते ती नुसती गुंडगिरी.

इथवर आमचे मन शिबिराच्या बाजूने झुकले होते. अडचण आली ती इतिहासापाशी.

१८ एप्रिल १७७५ च्या रात्री बोस्टनमधून सुमारे सातशे ब्रिटिश शिपाई निघाले. कॉन्कॉर्ड गावी वसाहतवाल्यांनी दारूगोळा साठवला होता, तो जप्त करायला. पॉल रिव्हिअर आणि विल्यम डॉझ घोड्यांवरून गावे जागवत गेले. पहाटे लेक्सिंग्टनच्या हिरवळीवर सत्याहत्तर माणसे उभी होती. त्यांचा कॅप्टन जॉन पार्कर क्षयाने आजारी होता. सप्टेंबरात तो वारला. शेतकरी आणि कारागीर माणसे ती. समोर लाल डगल्यातली शिस्तबद्ध फौज. पांगा, असा हुकूम झाला. काही पांगूही लागले. आणि एक गोळी सुटली.

ती कुणी सोडली हे आजतागायत कुणाला ठाऊक नाही. ब्रिटिशांनी म्हटले, त्यांनी. गावकऱ्यांनी म्हटले, ह्यांनी. त्या एका गोळीमागून फौजेने गोळीबार केला आणि आठ गावकरी मेले. पुढे कॉन्कॉर्डच्या उत्तरेकडच्या पुलावर चकमक झाली. तिथे ॲक्टन गावचा कॅप्टन आयझॅक डेव्हिस पडला. घरी चार आजारी मुले सोडून तो पहाटे निघाला होता. मग बोस्टनच्या परतीच्या वाटेवर दिवसभर झाडांआडून, भिंतींआडून गोळीबार होत राहिला. मिनॉटमी गावात सॅम्युअल व्हिटमोर नावाचा ऐंशीच्या घरातला म्हातारा एकटा फौजेला आडवा गेला. गोळी आणि संगिनींचे वार खाऊनही तो जगला आणि १७९३ साली वारला. संध्याकाळपर्यंत त्र्याहत्तर ब्रिटिश आणि एकोणपन्नास वसाहतवाले मेले होते.

लढाईनंतर काही दिवसांतच मॅसॅच्युसेट्सच्या प्रांतिक काँग्रेसने साक्षीदारांच्या शपथेवर जबान्या घेतल्या आणि वेगवान जहाजाने लंडनला रवाना केल्या. ब्रिटिश सेनापतीचा अहवाल पोचण्याआधी त्या तिथे पोचल्या. म्हणजे स्वातंत्र्ययुद्धातला पहिला खटाटोप होता तो हा: पहिली गोळी आमची नव्हे, हे जगाला पटवून देणे. आमच्या मते हे त्या लोकांना भूषणावह आहे. पहिली गोळी आपली नसावी असे त्यांना वाटत होते. तिचा अभिमान त्यांना नव्हता, तिची धास्ती होती.

मुलाला आपल्या प्रत्येक गोळीचा धनी व्हायला शिकवणारे शिबिर ज्या दिवसाच्या आठवणीवर उभे आहे, त्या दिवसाची पहिली गोळीच निनावी आहे! एवढी मोठी लढाई, एवढा मोठा देश, आणि मुळाशी एक गोळी जिचा धनी कुणीच नाही.

म्हणून आम्हाला वाटते, निशाणावर जेवढा बारकाईने नेम धरतात तेवढ्याच बारकाईने इतिहासावरही धरला पाहिजे. आकृतीच्या रेषेबाहेर काय राहिले ते पाहिले पाहिजे. लेक्सिंग्टनच्या हिरवळीवर जखमी झालेल्यांत प्रिन्स एस्टाब्रुक नावाचा एक काळा माणूस होता. तो गुलाम होता. स्वातंत्र्याच्या पहिल्या सकाळी त्याने रक्त सांडले, पण ज्या हाताने त्याने बंदूक धरली तो हात दुसऱ्याच्या मालकीचा होता. त्याच्या गोळीचा धनी कोण म्हणायचे?

आणखी एक. त्या दिवशी गावकऱ्यांच्या हातात बहुतेक साध्या नळीच्या, नेम न धरणाऱ्या बंदुका होत्या. लांबवर अचूक मारणारी रायफल ही प्रामुख्याने पेन्सिल्व्हेनिया, मेरीलँड आणि व्हर्जिनियाच्या सरहद्दीवरची. लँकेस्टर भागातल्या जर्मन लोहारांनी ती घडवली. जून १७७५ मध्ये काँग्रेसने रायफलधाऱ्यांच्या तुकड्या उभारायचे ठरवले ते याच तीन प्रांतांतून. पण त्याच लँकेस्टरमध्ये डिसेंबर १७६३ मध्ये सरहद्दीवरच्या वसाहतवाल्यांच्या सशस्त्र टोळीने कोनेस्टोगा जमातीच्या वीस निःशस्त्र माणसांना मारले. सहा त्यांच्या वस्तीवर, चौदा सरकारी आसऱ्यात. त्यांत मुलेही होती. बेंजामिन फ्रँकलिनने संतापून त्याविरुद्ध पत्रक लिहिले. शिक्षा कुणालाच झाली नाही. भाचीचे घर तिथून मोटारीने तासाभराच्या अंतरावर आहे.

हे आम्ही अमेरिकेला कमी लेखण्यासाठी लिहीत नाही. आपल्याकडे मयताची मालमत्ता वारसांत वाटण्याआधी त्याचे देणे फेडावे लागते. आधी कर्ज, मग वाटणी. हा नियम घराच्या आणि शेताच्या वारशाला लागू असेल तर पराक्रमाच्या वारशाला का नसावा? लेक्सिंग्टनच्या धैर्यात हिस्सा मागणाऱ्याने कोनेस्टोगाच्या कर्जावरही सही केली पाहिजे. नाहीतर तो वारस नव्हे, फक्त लाभार्थी.

आणि हाच न्याय आपल्यालाही लागू आहे. शिबिराच्या पहिल्या निशाणावर लाल डगलेवाल्या शिपायाची आकृती असते. तिच्यावर तेरा गोळ्या झाडायच्या. मूळच्या वसाहतीही तेराच होत्या. भाचीने तो कागद पाठवला तेव्हा आम्ही बराच वेळ त्या लाल रंगाकडे पाहत राहिलो. कारण तो डगला आमच्या ओळखीचा आहे.

बोस्टनच्या बंदरात १७७३ साली पाण्यात फेकलेला चहा ईस्ट इंडिया कंपनीचा होता. त्याच कंपनीशी दक्षिणेत हैदर अली लढत होते, आणि त्यांचे नाव सातासमुद्रापार पोचले होते. ८ एप्रिल १७८२ रोजी डेलावेअरच्या उपसागरात पेन्सिल्व्हेनियाच्या ज्या जहाजाने 'जनरल मंक' हे ब्रिटिश जहाज पकडले, त्याचे नावच 'हैदर अली' होते. म्हणजे आमच्या नातवाचे नाव ज्या प्रांतात आज वेगळे वाटते, त्या प्रांताने एकेकाळी तसलेच नाव अभिमानाने आपल्या जहाजावर रंगवले होते. ऑक्टोबर १७८१ मध्ये यॉर्कटाउनला शरण गेलेला लॉर्ड कॉर्नवॉलिस पुढे हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल झाला आणि १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणसमोर उभा राहिला. टिपू सुलतानांना दोन लहान मुले ओलीस द्यावी लागली.

इथपर्यंतचा इतिहास आपल्याला सांगायला आवडतो. पुढचे वाक्य जड जाते. त्या वेळी कॉर्नवॉलिसच्या बाजूने पेशव्यांची फौज होती आणि निजामाचीही. आणि कंपनीच्या मुंबई फौजेत कोकणातून भरती होत असे. महार, मराठे, बेने इस्रायली आणि आपणही. अंगावर लाल डगला. आमच्या गावात एका घराला अजून 'सुभेदारांचे घर' म्हणतात. ती सुभेदारी कुणाच्या पलटणीतली, हे लहानपणी आम्ही विचारले नाही, मोठेपणी विचारायची गरज उरली नाही. त्या निशाणावर जो उभा आहे तो आमचाही कुणी पूर्वज असू शकतो. पोटासाठी डगला घातलेला. मग नातू गोळी झाडणार ती कुणाच्या बाजूने, कुणावर?

या जागी आल्यावर आम्हाला वाटले, कागदाच्या शिपायावर गोळी झाडणाऱ्या प्रत्येक मुलाला एवढे एकदा तरी सांगायला हवे, की समोरच्यालाही आई होती. स्काउट चळवळीच्या मुळाशीही तोच गुंता आहे. १९०७ साली ब्राउनसी बेटावर पहिला तळ ठोकणारा बेडन-पॉवेल हिंदुस्थानात आणि आफ्रिकेत नोकरी केलेला ब्रिटिश लष्करी अधिकारी होता. त्याच्या चळवळीतली अमेरिकन मुले आज ब्रिटिश शिपायाच्या आकृतीवर नेम धरतात आणि कुणाला त्यात विसंगती वाटत नाही. कारण ते वैर संपले आहे. वैर संपले की शत्रूचे चित्र होते. आम्हाला भीती आहे ती न संपलेल्या वैरांची. जिथे समोरच्या आकृतीचे डगले आजही रस्त्यावर दिसतात, तिथे वारसा आणि नेमबाजी एकत्र शिकवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. आपल्या देशात तर कोणत्याच समाजाने ते करू नये.

कुणी म्हणेल, मग नुसता खेळ म्हणून शिकवावे. ते जमते, हे आपल्या महाराष्ट्राने दाखवले आहे. अंजली भागवत सिडनीत २००० साली ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचल्या. २०२४ मध्ये पॅरिसला कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळे यांनी गुडघ्यावर, पालथे आणि उभ्याने, अशा तिन्ही प्रकारांत नेम धरून कांस्यपदक आणले. त्यांच्या निशाणावर नुसती वर्तुळे असतात. तिथे शत्रू नसतो. जो काही झगडा असतो तो आपल्या श्वासाशी.

दुसरा कुणी म्हणेल, हत्यार निर्जीव आहे, दोष माणसाचा. हे अर्धे खरे आहे. हत्यार निर्जीव आहे म्हणूनच तर त्याच्या वतीने कुणीतरी जबाबदार हवा. शब्द मागे घेता येतो, माफी मागता येते. गोळी मागे घेता येत नाही. तेव्हा तिचा धनी ती सुटण्याआधी ठरला पाहिजे. एखाद्या समाजात घरोघरी बंदुका असतील आणि गोळी लागल्यावर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवत असेल, तर त्या समाजाने हत्यार बाळगण्याचा हक्क घेतला पण त्याचा हिशेब घेतला नाही.

दोन दिवसांनी आम्ही भाचीला फोन केला. म्हणालो, "जाऊ दे. पण एकटा पाठवू नको. आईबापांना बोलावलंय ना? तूही जा. भीतीने घरी बसवलंस तर त्याला एवढंच कळेल, की हा देश बाकीच्या पोरांचा आहे. शिकवतील ते नीट शिकू दे. आणि इतिहास सांगून झाला की त्याला एक प्रश्न विचारायला सांग: पहिली गोळी कुणी सोडली?"

ती म्हणाली, "एवढंच?"

आम्ही म्हणालो, "एवढंच. आणि फोटो काढ. तू काढ. दुसऱ्या कुणी काढायच्या आधी आपण काढलेला बरा."

त्या वर्षी १९ एप्रिल नेमका शनिवारी आला होता. लढाईला बरोबर २५० वर्षे झाली होती. रविवारी रात्री, म्हणजे आपली सोमवारची सकाळ, पोराने स्वतः फोन केला. बिल्ला मिळाला नव्हता. दोनशे दहापासून तो बराच लांब राहिला होता. पण आवाजात खट्टूपणा नव्हता.

"नाना, मी विचारलं," तो म्हणाला. "पहिली गोळी कुणी सोडली ते कुणालाच माहीत नाही, असं सरांनीही सांगितलं. एक मुलगा म्हणाला, ब्रिटिशांनीच सोडली असणार. तर सर म्हणाले, असणार म्हणजे पाहिलं नाही."

आम्हाला ते सर न पाहताच आवडले.

मग त्याने एक गोष्ट सांगितली. त्याच्या शेजारी पालथा पडलेला एक मोठा माणूस, तिशीतला, 'थांबा' असा हुकूम झाल्यावरही चापावर बोट ठेवून होता. पोराने पाहिले. क्षणभर बोलावे की नाही असे झाले. माणूस मोठा, अनोळखी, आणि आपण कोण? मग तो म्हणाला, "काका, बोट." माणसाने दचकून बोट काढले आणि त्याचे आभार मानले. आई मागेच उभी होती. तिने ते ऐकले.

आम्ही विचारले, "तुला भीती नाही वाटली?"

"वाटली," तो म्हणाला. "पण तो चौथा नियम आहे ना, नाना."

चौथा नियम असा आहे: आपल्या आजूबाजूचे लोक हे नियम पाळतात ना, हेही आपणच पाहायचे. पहिले तीन नियम आपल्या गोळीचे. चौथा नियम शेजाऱ्याच्या गोळीचा. लेक्सिंग्टनच्या हिरवळीवर त्या पहाटे दोन्ही बाजूंना मिळून शेकडो माणसे होती. त्यांच्यातल्या एकाचे बोट चापावर होते, आणि 'काका, बोट' म्हणणारे शेजारी कुणी नव्हते.

भाचीने मागून फोन घेतला आणि म्हणाली, "मामू, फोटो पाठवलाय. पाहा."

आम्ही पाहिला. पोराने रायफल धरली आहे, नळी खाली मैदानाकडे. तर्जनी चापाच्या बाहेर, लाकडावर सरळ ठेवलेली. आम्ही तो फोटो मोठा करून पुन्हा पुन्हा तेवढे बोटच पाहत राहिलो.